फर्स्ट पार्टी आहे, मग हे बिल कसलं?

चिपळूणला एका बॉडीशॉपमध्ये मी इन्शुरन्सचं टेबल सांभाळते. गाडी क्रेनवरून उतरली की मेकॅनिक तिच्याखाली वाकतो आणि मी कागद मागते. तेवढ्यात मालक विचारतातच, "ताई, फर्स्ट पार्टी आहे हां, आपल्याला काही भरायचं नाही ना?"

भरायचं असतं. किती, त्याचा अंदाज तीन प्रश्नांत येतो: नुकसान कशाने झालं, झाल्यावर तुम्ही काय केलंत आणि पॉलिसीवर ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घेतलेली जोडसंरक्षणं, कुठले आहेत. हे तीन प्रश्न घरी, गाडी धडधाकट असताना स्वतःला विचारून ठेवा.

पहिला प्रश्न, कशाने. कायद्याने सक्तीची असते ती थर्ड पार्टी. तिच्यातून समोरच्याची भरपाई होते, तुमच्या गाडीला एक रुपया मिळत नाही. आपण जिला फर्स्ट पार्टी म्हणतो त्या पॉलिसीत थर्ड पार्टीबरोबर ओन डॅमेजही, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानाचं संरक्षणही, असतं, आणि त्यात कारणांची यादीच छापलेली असते. अपघात, आग, वीज, चोरी, दंगल, कुणी मुद्दाम केलेली नासधूस, भूकंप, पूर, वादळ, गारपीट, दरड कोसळणं हे सगळं त्यात आहे. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे गाड्यांवर झाडं पडली, ती या यादीत बसतात. परशुराम घाटात बोनेटवर दगड आला, तोही बसतो. उभ्या गाडीवर नारळ पडून टप चेपला तर तो बाहेरून झालेला अपघातच. रस्ता, रेल्वे किंवा अंतर्गत जलमार्गाने गाडी नेताना झालेलं नुकसानसुद्धा यादीत आहे, हे फेरीबोटीने खाडी ओलांडणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

यादीत नाही ते आपोआप खराब झालेलं. कुंभार्ली घाट चढताना क्लच प्लेट जळली, एसीचा कॉम्प्रेसर बसला, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने दाराखालचा पत्रा सडला, तर ही झीज किंवा यांत्रिक बिघाड झाला. बिल पन्नास हजारांचं असलं तरी ते तुमचंच. खर्च मोठा म्हणून क्लेम होतो, हा समज डोक्यातून काढून टाका.

आता दुसरा प्रश्न. माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त पैसे इथे बुडताना दिसतात.

हायवेवर पावसाळ्यात खड्ड्यातला दगड खालून लागतो आणि ऑइलचा चेंबर फुटतो. चेंबर अपघातात गेला, क्लेम होतो, खर्च आटोक्यातला असतो. पण ऑइलचा लाल दिवा लागलेला असताना "गॅरेज जवळच आहे" म्हणून गाडी तशीच चालवत आणली की इंजिन जाम होतं. मग सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला कंपनीने पाठवलेला माणूस, चेंबर मान्य करतो आणि इंजिन काटतो. पॉलिसीच्या अटींत सरळ लिहिलेलं आहे की अपघातानंतर गाडी दुरुस्त न करता चालवली आणि नुकसान वाढलं, तर वाढलेलं नुकसान मालकाच्या जबाबदारीवर. दिवा लागला की गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, क्रेन बोलवा.

पुराचंही तेच. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्यानंतरच्या दिवसांत चिखलाने भरलेल्या गाड्यांची रांग लागली होती. सीट, मॅट, वायरिंग, डॅशबोर्डमागचे इलेक्ट्रॉनिक भाग यांचं नुकसान पुराच्या कारणात बसतं. पण पाणी ओसरल्यावर "बघू, चालू होते का" म्हणून चावी फिरवली तर सिलिंडरमधलं पाणी पिस्टनच्या वर कोंडतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. हे पुराचं थेट नुकसान नाही, नंतरच्या कृतीचं आहे, असं म्हणून कंपनी बहुतेक वेळा इंजिन नाकारते. इंजिन प्रोटेक्ट नावाचा ॲड-ऑन असेल तरच त्यात दार उघडं राहतं, तेही त्याच्या अटींवर. पाण्यात बसलेल्या गाडीची चावी फिरवू नका, धक्का मारून स्टार्ट तर मुळीच नको. जमलं तर बॅटरीची वायर काढा, पाणी कुठपर्यंत चढलं त्या चिखलाच्या रेषेचा फोटो घ्या आणि थांबा. नदीकाठच्या गावात राहणाऱ्याने इंजिन प्रोटेक्टच्या पैशांत काटकसर करू नये, हे माझं स्पष्ट मत.

आता बिल. समजा, सव्वातीन वर्षांची १२०० सीसीची गाडी आहे आणि घाटात समोरून दगड आला. आकडे माझे, सोपे व्हावेत म्हणून धरलेले. बंपर ६,०००, हेडलाइट ८,०००, बोनेट १०,०००, फेंडर ४,०००, पुढची काच ९,०००, पेंटिंग १६,००० आणि मजुरी ७,०००. एकूण ६०,००० रुपये.

साध्या, म्हणजे ॲड-ऑन नसलेल्या पॉलिसीत सर्व्हेअर प्रत्येक भागावर घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याची कपात, लावतो. प्लास्टिक आणि रबर गाडी कितीही नवी असो, निम्मं कापलं जातं. म्हणून बंपरचे ३,००० आणि हेडलाइटचे ४,००० गेले. पत्र्याचा घसारा वयावर चालतो: सहा महिन्यांपर्यंत काही नाही, वर्षापर्यंत ५ टक्के, मग १०, १५, तीन ते चार वर्षांना २५, चार ते पाचला ३५, पाच ते दहाला ४०, त्यापुढे ५०. आपली गाडी २५ टक्क्यांत, म्हणजे बोनेटचे २,५०० आणि फेंडरचे १,००० गेले. काचेवर घसारा नाही, ती पूर्ण मिळते. पेंटिंगच्या एकत्र बिलात चौथा हिस्सा रंगाचा धरतात आणि त्याचा निम्मा कापतात, म्हणजे २,०००. मजुरीला हात लावत नाहीत. कपात झाली १२,५००. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये सक्तीने स्वतः भरायचे असतात, त्यावरच्या गाडीला २,०००. म्हणजे कंपनीकडून ४६,५०० आणि तुमच्या खिशातून १३,५००.

झिरो डेप किंवा बंपर टू बंपर, म्हणजे घसारा न कापण्याचा ॲड-ऑन, असता तर ते १२,५०० वाचले असते आणि १,०००च भरावे लागले असते. वर कूलंट, ऑइल, नटबोल्ट, एसीचा गॅस असलं किरकोळ साहित्य साध्या पॉलिसीत मिळत नाही, त्याला कन्झ्युमेबल्सचा वेगळा ॲड-ऑन लागतो. झिरो डेप घेताना वर्षात किती क्लेम चालतील तेही वाचा. टायरचं आणखी वेगळं आहे: गाडीला इतर नुकसान न होता नुसता टायर फाटला तर साध्या पॉलिसीत काही नाही, आणि अपघातात गेला तरी निम्मेच पैसे.

खर्च फारच वाढला तर आयडीव्ही बघायची. पॉलिसीवर गाडीची जी किंमत छापलेली असते ती. गाडी अडकल्या जागेवरून काढण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च तिच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. आयडीव्ही चार लाख असेल आणि एस्टिमेट तीन लाख वीस हजारांचं, तर दुरुस्ती नाही, आयडीव्हीच्या हिशोबाने पैसे. कर्ज बाकी असेल तर आधी बँकेचा हक्क. विम्याचा हप्ता हजारभर कमी व्हावा म्हणून आयडीव्ही खाली आणणारे एजंट असतात. त्यांचं ऐकलंत तर पूर आल्यावर तुमच्या गाडीची किंमत त्यांनी ठरवलेली असेल.

अपघात झाला की त्याच दिवशी कंपनीला कळवा, क्लेम नंबर घ्या आणि सर्व्हे होईपर्यंत एक स्क्रूही काढू देऊ नका. गाडी हलवण्याआधी चारही बाजूंचे, नंबरप्लेट दिसेल असे आणि रस्त्यासह फोटो काढा. घाटात रेंज नसते, फोटो मात्र निघतात. कुणाला लागलं असेल किंवा गाडी चोरीला गेली असेल तर पोलिसांत नोंद हवीच. क्रेनसाठी साध्या पॉलिसीत एका अपघाताला जास्तीत जास्त १,५०० रुपये मिळतात. रात्री घाटातून गाडी खाली आणायला ते पुरत नाहीत, तेव्हा रोडसाइड असिस्टन्स, म्हणजे रस्त्यात मदतीचा ॲड-ऑन, असलेला बरा. गॅरेज कंपनीच्या यादीतलं असेल तर कॅशलेस, नसेल तर आधी भरा आणि मग मागा. जुने सुटे भाग फेकू देऊ नका, फेरतपासणीला लागतात.

लायसन्सची मुदत संपलेली, ड्रायव्हर प्यायलेला, यावर काही बोलण्यासारखं नाही, क्लेम गेलाच. पण गणपतीत आणि मे महिन्यात पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाड्याने पाहुणे आणणारे बरेच आहेत आणि त्यांना यात गैर वाटत नाही. खासगी गाडीची पॉलिसी भाड्याला चालत नाही. स्टेशनवरून येताना अपघात झाला आणि मागे बसलेल्याने "आम्ही पैसे दिले" म्हटलं की संपलं.

बारीक ओरखड्यांसाठी क्लेम करू नका. क्लेम न केलेल्या पहिल्या वर्षानंतर ओन डॅमेजच्या हप्त्यावर २० टक्के सूट मिळते, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एक क्लेम केला की सूट शून्यावर येते. ओन डॅमेजचा हप्ता सुटीआधी ९,००० असेल आणि तुम्ही ५० टक्क्यांवर असाल, तर पुढच्याच वर्षी ४,५०० जादा जातात. साडेतीन हजारांच्या बंपरसाठी हा सौदा परवडत नाही. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर ही सूट क्लेम न करताही जाते.

क्लेम कमी पास झाला किंवा नाकारला तर सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा आणि नाकारण्याचं कारण लेखी घ्या. तोंडी "होत नाही" ऐकून घरी जाऊ नका. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, नकारापासून वर्षाच्या आत. फी नाही, वकील लागत नाही, अर्ज मराठीत चालतो का ते कार्यालयाला फोन करून विचारून घ्या. विमा नियामकाचा तक्रारीचा फोन १५५२५५ आहे.