मिरजेचा तंबोरा विमानाने अमेरिकेला पाठवताना

मिरजेत तयार झालेला तंबोरा अमेरिकेतील गिऱ्हाइकाकडे पाठवायचा म्हटले की पहिली चौकशी दराची होते. त्याआधी मालवाहू विमान कंपनीचे काम कसे चालते ते समजून घ्यावे, कारण खोक्याचे माप, पॅकिंग आणि आकारणी यांचे बहुतेक नियम त्या कामकाजातूनच आले आहेत. येथे उदाहरणादाखल फेडेक्स ही अमेरिकी कुरिअर कंपनी घेतली आहे.

फ्रेडरिक स्मिथ यांनी ही कंपनी १९७१ मध्ये आर्कान्सॉ राज्यातील लिटल रॉक येथे ‘फेडरल एक्स्प्रेस’ या नावाने स्थापन केली आणि १९७३ मध्ये टेनेसीतील मेम्फिसला हलवली. १७ एप्रिल १९७३ च्या रात्री फाल्कन २० जातीच्या १४ छोट्या विमानांनी १८६ पार्सले २५ शहरांकडे नेली. विमाने छोटी असण्याला कारण होते: सुमारे ३,४०० किलोपर्यंतच माल नेणाऱ्या विमानांनाच स्वतंत्र मार्गपरवान्याच्या जाचातून सूट होती. १९७७ च्या कायद्याने हवाई मालवाहतूक खुली केली, तेव्हा कंपनीने बोइंग ७२७ घेतली. परदेशी मार्गांचा मोठा वाटा मात्र १९८९ मध्ये फ्लाइंग टायगर लाइन तिच्यात विलीन झाल्यावर आला. ही जुनी मालवाहू कंपनी रॉबर्ट प्रेस्कॉट यांनी १९४५ मध्ये काढली होती.

कंपनीची खरी युक्ती मेम्फिसच्या केंद्रात आहे. देशभरातील विमाने रात्री तेथे उतरतात, सर्व माल पट्ट्यांवरून वर्गवारीला जातो आणि उजाडण्यापूर्वी विमाने पुन्हा सुटतात. म्हणजे इस्लामपूरहून तासगावला जायचे पुडके आधी मुंबईला नेण्यासारखे. वेडेपणा वाटतो, पण प्रत्येक गावाची प्रत्येक गावाशी जोडणी करण्यापेक्षा हे स्वस्त आणि वेळेवर होते. युरोपात असेच मोठे केंद्र पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर आहे. आपला तंबोरा सांगलीहून ट्रकने मुंबईला आणि तेथून अशा केंद्रांमधून पुढे जाणार, म्हणजे वाटेत तो अनेकदा उतरवला आणि चढवला जाणार हे धरूनच चालावे. ‘नाजूक’ अशा चिठ्ठीवर मी फारशी भिस्त ठेवणार नाही.

म्हणून तारा पूर्ण उतरवाव्यात आणि मणी व सुटे भाग कापडी पिशवीत वेगळे बांधावेत. भोपळ्याला चहूबाजूंनी फोमचा आधार द्यावा. खुंट्यांच्या टोकांना खोक्याची भिंत लागता कामा नये आणि खोके हलवून पाहिले असता आत काहीही सरकता कामा नये. कच्च्या लाकडाची पेटी केली, तर तिच्यावर उष्णताप्रक्रियेचा किंवा धुरीचा आंतरराष्ट्रीय शिक्का लागतो. प्लायवूडला तो लागत नाही, त्यामुळे प्लायवूडच बरे. जुन्या वाद्यावर हस्तिदंत किंवा सांबरशिंग असेल, तर ते पाठवण्याच्या फंदात पडू नये. त्यांच्या निर्यातीवर बंदी आहे.

माप घेताना मात्र कंजुषी करावी. जनानी (आकाराने लहान) तंबोऱ्याचे खोके १३५ × ५० × ४५ सेंमी झाले असे धरू. या तिन्हींच्या गुणाकाराला कंपनीच्या नियमाप्रमाणे ५,००० ने भागले की ६०.७५ किलो येतात. वाद्य पॅकिंगसकट १५ किलो भरले तरी पैसे सुमारे ६१ किलोंचे द्यावे लागतात, कारण विमानात वजनाआधी जागा संपते. साध्या पार्सलसेवेत लांबी अधिक घेर (रुंदी आणि उंचीच्या बेरजेची दुप्पट) ३३० सेंमीपेक्षा जास्त चालत नाही. वरील खोक्याचे ते ३२५ होतात. हेच खोके दोन्ही बाजूंनी पाच-पाच सेंमी जाड केले, तर ते मर्यादेबाहेर जाते. शिवाय लांबी १२१ सेंमीपेक्षा अधिक असल्याने जादा हाताळणीचा अधिभार लागेल, तोही आधीच विचारून घ्यावा.

विक्रीसाठी माल जात असेल, तर आयात-निर्यात क्रमांक, जीएसटी नोंदणी आणि बीजक लागते. बीजकावर ९२०२ या तंतुवाद्यांच्या गटातील कोड, वापरलेल्या लाकडाचे नाव आणि खरी किंमत लिहावी. भेट म्हणून पाठवताना कुरिअर शिपिंग बिलाचा प्रकार वेगळा असतो. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची करसूट २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवल्याने आयातशुल्क कोण भरणार, हे गिऱ्हाइकाशी आधीच लेखी ठरवावे.

विम्याकडे सहसा दुर्लक्ष होते. हवाई वाहतुकीच्या माँट्रियल या आंतरराष्ट्रीय करारानुसार विमान कंपनीची जबाबदारी दर किलोला २६ एसडीआरपर्यंत (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) मर्यादित आहे आणि येथे हिशेब खऱ्या वजनाचा होतो. भाडे ६१ किलोंचे आणि भरपाई १५ किलोंची, असा हा न्याय आहे! तेव्हा वेगळा विमा काढावा, पॅकिंगच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवावेत आणि तंबोरा तपासून होईपर्यंत खोके टाकू नये, असे घेणाऱ्याला बजावून सांगावे.