वर्धेचा पिनकोड अन् राहून गेलेले पाच भागाकार

बी.एस्सी.ला नंबर थिअरी, म्हणजे पूर्ण संख्यांच्या गुणधर्मांचं गणित, शिकतेय असं गावात सांगितलं, तर शेजारच्या काकूंनी पोरीच्या लग्नाची तारीख काढून मागितली. त्यांना ते अंकशास्त्र वाटलं. तुमचंही असंच होईल, मनावर घेऊ नका.

पहिल्याच महिन्यात सर म्हणाले, रोजच्या पाहण्यातली एक मोठी संख्या घ्या अन् तिची कुंडली, म्हणजे अवयव अन् गुणधर्म, मांडून आणा. कॅल्क्युलेटर चालणार नाही. मी फॉर्मवरचा वर्धेचा पिनकोड उचलला: ४४२००१. एसटीत तासभर जातो, तेवढ्यात होईल असा अंदाज.

शेवटी १, म्हणजे २ अन् ५ बाद. अंकांची बेरीज ११, म्हणून ३ नाही. ७ नं मात्र पूर्ण भाग गेला, आले ६३१४३. इथून दमछाक. ११, १३, १७ करत एकेका मूळ संख्येनं भागत गेले. रात्री लाईन गेली, ओसरीवर टॉर्च लावून १९९ पर्यंत पोचले. बाकी उरतच होती. वैतागून लिहून टाकलं: ६३१४३ मूळ संख्या.

सरांनी वही पाहिली. "वर्गमूळ किती येते हिचं?"

२५१ च्या जरा वर.

"मग १९९ ले काऊन थांबली?"

राहिल्या होत्या २११, २२३, २२७, २२९ अन् २३३. पाचवीनंच भाग गेला: २३३ × २७१.

म्हणून वर्गमूळ आधी काढा, पानाच्या कोपऱ्यात लिहा. संयुक्त संख्येचे दोन्ही अवयव वर्गमूळाच्या बाहेर असूच शकत नाहीत, गुणाकार मोठा होईल. तिथवर गेल्याशिवाय कुणाला मूळ म्हणू नका.

अवयव एकदा हातात आले की बाकीची लेबलं फुकटात मिळतात. ७ × २३३ × २७१, तिन्ही मूळ, तिन्ही वेगळे. अशा संख्येला स्फेनिक म्हणतात, ग्रीकमधल्या पाचरीवरून. विभाजक आठ. स्वतःला सोडून त्यांची बेरीज ६७१८३, संख्येपेक्षा कितीतरी कमी, म्हणून ती न्यून. ७ ला ४ नं भागल्यावर ३ उरतात अन् ७ एकदाच येतो, एवढ्यावरून कळतं की ही दोन वर्गांची बेरीज होणार नाही. (२७१ ला ४१ नं गुणून पाहा. मजा येते.)

एक परीक्षा मात्र अवयवांशिवाय होते. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्यांना हर्षद म्हटलं. आमची बेरीज ११, अन् भागल्यावर १० उरतात. नागपूरचा ४४०००१ घेतला तर बेरीज ९ अन् भाग चोख, ४८८८९.

वर्गातल्या नागपूरच्या पोरीनं हे वर्षभर ऐकवलं.