वादळी पावसाआधी पन्हळ साफ करताय? आधी पाइपचं तोंड बघा

पन्हळ घासूनपुसून ठेवली की काम झालं असं मलाही वाटायचं. एका वर्षी अख्खी सकाळ शिडीवर घालवून सगळी पन्हळ लख्ख केली आणि पहिल्याच जोरदार पावसात पाणी पाइपातून यायचं सोडून कडेवरून धो धो भिंतीवर. बघतो तर काय, पाइपच्या एल्बोत, म्हणजे वळणाच्या तुकड्यात, मुठीएवढा पाचोळ्याचा बोळा बसलेला, आणि तो बहुतेक साफसफाई करताना मीच आत ढकलला होता 😅

त्यामुळे आता वर चढलो की पहिलं काम, पाइपच्या तोंडात जाडसर फडकं कोंबायचं, त्याचं एक टोक बाहेर लोंबतं ठेवायचं म्हणजे काढायला सोपं, आणि मगच पाचोळा उपसायचा. हे काम सगळं कोरडं असतानाच करा, ओला गाळ चिखलासारखा चिकटतो आणि वजनही दुप्पट वाटतं. लोखंडी थापी नको, पत्र्याचा रंग खरवडला की तिथूनच गंज धरतो, प्लास्टिकचं जुनं उलथनं बेस्ट. हातात जाड ग्लोव्हज हवेतच, आत पत्र्याच्या धारा असतात, स्क्रूची टोकं असतात, कधी गांधीलमाशीचं पोळंही निघतं.

शिडीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. शिडी जिथे टेकते ती उंची ४ फूट असेल तर पाय भिंतीपासून १ फूट लांब, याच हिशोबाने पुढे. वरचं टोक छपराच्या कडेच्या निदान ३ फूट वर हवं, खाली कोणीतरी धरून उभं हवं आणि जवळून विजेची तार जात असेल तर तिथे आपण चढायचंच नाही. हात पुरत नाही म्हणून कमरेतून वाकायचं नाही, खाली उतरून शिडी सरकवायची, कंटाळा येतो पण तेच करायचं.

उपसून झालं की फडकं काढा आणि होज पाइपने लांबच्या टोकाकडून पाणी सोडा. ही टेस्ट बरेच जण करत नाहीत आणि खरी भानगड इथेच कळते. पाणी कुठे साचून राहतंय, कुठल्या जोडातून ठिबकतंय, खाली धार मोकळी पडतेय की नुसती करंगळीएवढी येतेय, सगळं पाच मिनिटात दिसतं. धार बारीक असेल तर होज खालच्या तोंडातून वर घालून पाणी मारा, बोळा बहुतेक सुटतो, नाहीच सुटला तर एल्बो खोलून हाताने काढा.

एवढी चिकाटी कशाला म्हणाल तर हिशोब करा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. छपराखाली १०० चौरस मीटर जागा असेल आणि तासाला ५० मिलिमीटरच्या जोराने पाऊस कोसळत असेल तर तासात ५००० लिटर, दोन पाइप असले तरी एकेकातून मिनिटाला साधारण ४० लिटर, म्हणजे दोन भरलेल्या मोठ्या बादल्या! अर्ध्या बुजलेल्या एल्बोतून हे कसं जाणार?

पाणी साचत असेल तर उतार बिघडलाय. १० मीटर लांबीला २ ते ५ सेंटीमीटर उतार भरपूर झाला, पाणसळ (स्पिरिट लेव्हल) लावून बघा. बहुतेक वेळा मधला एखादा ब्रॅकेट ढिला होऊन पन्हळ तिथे पोट काढते, तिथला स्क्रू आवळा, लाकूड कुजलं असेल तर ब्रॅकेट थोडा बाजूला नव्या जागी ठोका. वाऱ्यात आधी हाच ढिला भाग उचकटतो. जोड गळत असेल तर जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून, जागा कोरडी करून मगच नवीन भरा, ओल्यावर लावलेलं दोन पावसात सोलून येतं.

पाइपचं पाणी खाली पायाशीच पडत असेल तर ५-६ फूट लांब नेणारा तुकडा जोडा, नाहीतर वरची सगळी मेहनत खाली ओल होऊन भिंतीत चढते.

आणि वर जाळी बसवली म्हणून शिडी अडगळीत टाकू नका, मोठी पानं अडतात पण बारीक माती आणि काड्या आत जातातच. पहिलं मोठं वादळ होऊन गेलं की एकदा वर डोकावून पाइपच्या तोंडाशी काय जमलंय ते बघून या.