टाकी भरलेली, तरी गाडी तापते: कूलंट तपासताना या चुका टाळा

‘आपल्याकडे बर्फ थोडाच पडतो? कूलंटऐवजी पाणी घाला, चालते!’ पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठल्याही गॅरेजच्या बाकावर हे ऐकायला मिळते. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारे द्रव, गोठण्यापासून वाचवते हे खरे, पण गोव्यात त्याची खरी कामे वेगळीच. त्यातले ग्लायकॉल हे रसायन पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवते आणि गंजरोधक रसायने ॲल्युमिनियमचे हेड (इंजिनचा वरचा भाग), रेडिएटर, वॉटर पंप सांभाळतात. ही रसायने हळूहळू संपतात, पातळी मात्र होती तिथेच दिसते. त्यामुळे कूलंटच्या टाकीकडे नजर टाकून बॉनेट बंद केले की तपासणी झाली, असे नसते.

तशी ती नजरही बरेचदा फसते. जुन्या गाडीची प्लास्टिकची टाकी पिवळी पडते, आतून डागाची रेघ उमटते आणि ती रेघच कूलंटसारखी दिसते. टाकीच्या मागून मोबाइलचा टॉर्च धरा आणि गाडीला हलका धक्का द्या. हलते ती पातळी, स्थिर राहतो तो डाग. हे सकाळी, इंजिन थंड असताना आणि गाडी सपाट जागेवर लावून करायचे. उतारावरच्या गाडीत मिन आणि मॅक्सच्या रेघांना अर्थ उरत नाही.

आणखी एक फसगत. अनेक गाड्यांत ही टाकी नुसती राखीव असते, रेडिएटरला स्वतःचे झाकण असते. त्या झाकणाचा व्हॉल्व्ह गेला किंवा मधली बारीक नळी तडकली, तर इंजिन गार होताना कूलंट टाकीतून परत ओढले जात नाही. टाकी मॅक्सवर, रेडिएटर अर्धा रिकामा! थंड इंजिनावर झाकण उघडून बघा, कूलंट गळ्यापर्यंत दिसले पाहिजे. गरम असताना हे झाकण उघडायचे नाही, फडके धरूनही नाही. दाब सुटताच आतले कूलंट उकळून अंगावर येते.

रंगावर विसंबू नका. हिरवे, गुलाबी, नारिंगी हे रंग कंपनी घालते, त्यावरून आतला प्रकार खात्रीने कळत नाही. दोन न जुळणारे प्रकार मिसळले तर गाळ धरू शकतो. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलाच प्रकार घ्यायचा. रंगाचा खरा उपयोग बिघाड ओळखायला होतो. तांबूस, गढूळ झाले तर गंज. वर तेलाचा तवंग किंवा दुधाळ साय दिसली तर हेड गॅस्केट (हेडखालचे सील) किंवा ऑइल कूलर फुटल्याची शंका घ्या आणि गाडी चालवू नका.

सगळ्यात महागात पडते ती डिस्टिल्ड वॉटरऐवजी विहिरीचे पाणी ओतण्याची काटकसर. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींना उन्हाळ्यात खारेपणा येतो, आणि त्यातले क्लोराइड ॲल्युमिनियमला बारीक भोके पाडते. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेले कूलंट) घेतले असेल तर साधारण निम्मे कूलंट, निम्मे डिस्टिल्ड वॉटर. डब्यावर ‘प्रीमिक्स’ किंवा ‘रेडी टू यूज’ असेल तर त्यात पुन्हा पाणी घालायचे नाही. नुसते कॉन्सन्ट्रेट ओतणेही चूकच, कारण शुद्ध ग्लायकॉल मिश्रणाइतकी उष्णता वाहून नेत नाही.

गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकणारे अजून भेटतात. चोर्ला घाटात अडकलात तर घरी पोचण्यापुरता हा उपाय एकवेळ समजू शकतो, पण ती हळद नंतर रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांत बसते. गळती शोधायचीच असेल तर गाडीखाली पुठ्ठा अंथरा. एसी लावून आल्यावर पडणारे स्वच्छ, बिनवासाचे पाणी एसीचे, त्याची चिंता नको. रंगीत, बोटांना बुळबुळीत लागणारे, गोडसर वासाचे असेल तर ते कूलंट.

गाडी कुठे तापते यावरही बरेच कळते. पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये तापते पण मोकळ्या रस्त्यावर गार होते, तर आधी रेडिएटरचा फॅन आणि त्याचा फ्यूज बघा. उलट, शहरात ठीक आणि अनमोड घाटाचा चढ लागला की तापमानाचा काटा वर, तर चोंदलेला रेडिएटर, थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह सोडणारी-अडवणारी झडप) किंवा वॉटर पंप. खाणपट्ट्यात फिरणाऱ्या गाड्यांच्या रेडिएटरच्या जाळीत लाल धूळ बसते, ती पाण्याच्या हलक्या धारेने धुवावी. काटा चढू लागला की एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, गाडी बाजूला. लाल दिवा लागला तर लगेच इंजिन बंद. काटा अचानक खाली आला म्हणून निर्धास्तही होऊ नका. कूलंटच संपले असेल तर सेन्सर कोरडा पडून चुकीचे दाखवतो.

कूलंटची प्रकृती घरच्या घरी बघायची तर टेस्ट स्ट्रिप (कूलंटमध्ये बुडवायची रंग बदलणारी पट्टी) सर्वात सोपी. द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर ग्लायकॉलचे प्रमाण सांगतो, गंजरोधकांचे नाही, म्हणून त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नये. व्होल्ट मोजणाऱ्या मल्टिमीटरनेही अंदाज येतो. थंड इंजिन, डीसी व्होल्ट, काळे टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल टोक धातूला न टेकवता कूलंटमध्ये. ०.१ व्होल्टच्या आसपास ठीक. ०.४ च्या वर गेले तर बदलायची वेळ आली, किंवा गाडीचे अर्थिंग खराब आहे.

काढलेले कूलंट गटारात किंवा माडाच्या आळ्यात ओतू नका. ते विषारी असते आणि गोड लागते म्हणून कुत्रीमांजरे चाटतात. डब्यात भरून झाकण लावा आणि गॅरेजवाल्याकडे द्या.