भाषणांतून ‘आपलेपणा’ अभ्यासताना या चुका टाळा

गाजलेल्या भाषणांच्या आधारे ‘आपलेपणा’ हा विषय अभ्यासणाऱ्यांची पहिली गफलत या शब्दापाशीच होते. मराठीत आपलेपणा म्हटले की जिव्हाळा, माया, घरोबा आठवतो आणि मग विद्यार्थी भाषणात गोड, मने जोडणारी वाक्ये शोधत बसतात. या विषयाचा गाभा मात्र इथला कोण, परका कोण आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे, या प्रश्नात आहे. गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस ५ जुलै १८५२ रोजी रोचेस्टर येथे, गुलामगिरीविरोधी महिला मंडळाच्या निमंत्रणावरून, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाविषयी बोलायला उभे राहिले आणि हा दिवस तुमचा आहे, माझा नाही, असे त्यांनी यजमानांनाच सुनावले. श्रोत्यांना ‘सहनागरिकहो’ अशी साद घालायची, पण स्वातंत्र्य मिळवणाऱ्यांना मात्र ‘तुमचे पूर्वज’ म्हणायचे, या ओढाताणीत सारा विषय सामावलेला आहे. जिव्हाळा शोधणाऱ्याला हे भाषण निरुपयोगी वाटेल.

दुसरी चूक सर्वनामांकडे दुर्लक्ष करण्याची. खरे तर येथे मराठी वाचक इंग्रजी वाचकापेक्षा सुदैवी आहे, कारण इंग्रजीत एकाच ‘वुई’वर भागते, तर आपल्याकडे ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान पॉल कीटिंग यांनी १० डिसेंबर १९९२ रोजी सिडनीतील रेडफर्न येथे, मूळनिवासी श्रोत्यांसमोर, जमिनी हिरावल्या त्या ‘वुई’ने, मुलांना आयांपासून तोडले तेही ‘वुई’ने, अशी कबुली दिली. याचे मराठी करताना ‘आपण’ लिहिले, तर ज्यांच्या जमिनी गेल्या तेच गुन्ह्यात भागीदार ठरतात. तेथे ‘आम्ही’च हवे. उलट २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत, हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील, असे विचारताना आणि आपण राष्ट्र आहोत हा मोठा भ्रम असल्याचे बजावताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर ‘आम्ही’ म्हणत नाहीत, तर ‘आपण’ म्हणतात, असेच वाचावे लागते. ज्या समाजाने त्यांना परके मानले, त्यालाच ते या ‘आपण’मध्ये ओढून जबाबदार धरतात. विश्लेषण लिहिताना अडल्यास प्रत्येक ‘वुई’पुढे पेन्सिलीने ‘आम्ही’ की ‘आपण’ ते लिहावे आणि जेथे निर्णय होत नाही, त्या जागी थांबावे. सांगण्यासारखे बहुधा तेथेच सापडते.

उत्तरात वक्त्याचे चरित्रच जास्त झाले असेल, तर जन्मापासूनचा मजकूर खोडून केवळ त्या दिवशीचे स्थळ, श्रोते आणि निमित्त ठेवावे. एवढ्याने काम भागते.

संहिता न तपासणे ही मात्र गंभीर चूक. अमेरिकेतील आदिवासी प्रमुख सिअ‍ॅटल यांचे १८५४ चे म्हणून सांगितले जाणारे भाषण प्रथम १८८७ मध्ये, म्हणजे तब्बल ३३ वर्षांनी छापले गेले आणि पर्यावरणप्रेमींत फिरणारी त्याची आवृत्ती तर १९७० च्या दशकाच्या आरंभी एका पटकथाकाराने चित्रपटासाठी लिहिली. गुलामगिरीतून सुटलेल्या, स्त्रियांच्या हक्कांसाठी बोलणाऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकी कार्यकर्त्या सोजर्नर ट्रुथ यांच्या १८५१ च्या अ‍ॅक्रन (ओहायो) येथील भाषणाचेही तसेच. त्याच वर्षी छापलेल्या वृत्तांतात ‘मी बाई नाही का?’ हे प्रसिद्ध पालुपद नाही. ते १८६३ मध्ये स्त्री-हक्क कार्यकर्त्या फ्रान्सिस गेज यांनी लिहिलेल्या आवृत्तीत येते, तेही दक्षिणेकडील गुलामांच्या बोलीत. ट्रुथ जन्मल्या न्यूयॉर्क राज्यात आणि त्यांची पहिली भाषा होती डच. अशी संहिता फेकून देण्याची गरज नाही. दोन्ही पाठ शेजारी ठेवले, तर एका स्त्रीचे ‘इथले’पण दुसऱ्या कोणी तिच्या तोंडी परकी बोली घालून कसे बदलले, हे दिसते.