आपल्या ड्रॉइंगच्या सरांचं काम नोंदवून कसं ठेवायचं

तालुक्याच्या प्रत्येक गावात एक तरी असे सर किंवा बाई असतातच. अख्ख्या गावाच्या पोरांना चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना यांनीच बसवलं, गॅदरिंगचे पडदे यांनीच रंगवले, गणपतीचं डेकोरेशन, दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिकांवरचे गणपती, सगळं यांचंच, आणि उरलेल्या वेळात नदीकाठी बसून स्वतःची लँडस्केप्स. रिटायर झाले की शाल-श्रीफळ, एक भाषण, विषय संपला. मग माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कोणीतरी टाकतं की 'सरांवर काहीतरी करायला पाहिजे राव', त्याला पन्नास अंगठे येतात आणि पुढे काही होत नाही. ते 'काहीतरी' नेमकं कसं करायचं ते लिहितोय.

आधी एक डोक्यातून काढा. फ्रेम केलेली पेंटिंग्ज आणि भिंतीवरची सर्टिफिकेटं ही सगळ्यात कमी घाईची गोष्ट आहे, ती कुठे जात नाहीत, घरचे ती जपतातच. जातं ते बाकीचं. वर्गात दाखवायला पटकन काढलेली डेमोची शीट्स, स्मरणचित्राचे नमुने, वर्तुळात फूल-पान बसवून पोस्टर कलरने सपाट भरलेली संकल्पचित्रं, अक्षरलेखनाचे तक्ते, पडद्याची चौकटी पाडलेली छोटी स्केचेस, पाट्यांचे पेन्सिलीतले आराखडे. घर रंगवायला काढलं किंवा माळा साफ केला की पहिलं रद्दीत हेच जातं, कारण घरच्यांना ते 'सरांचं काम' वाटतच नाही. मला विचाराल तर शिक्षक म्हणून माणूस कसा होता हे फक्त त्यातच दिसतं. त्यामुळे सुरुवात माळ्यावरून करा, हॉलमधून नाही.

दुसरी जागा म्हणजे माजी विद्यार्थ्यांची घरं. ग्रुपवर 'सरांच्या आठवणी पाठवा' असं लिहू नका, नुसते हात जोडलेले इमोजी येतील. नेमकं मागा: सरांनी ज्या कागदावर स्वतःच्या हाताने दुरुस्ती करून दिली होती तो कागद कुणाकडे आहे का? घडा किंवा तांब्या काढलेलं वस्तुचित्र, त्याच्या तोंडाची लंबवर्तुळं चुकलेली आणि बाजूला सरांनी एका झटक्यात बरोबर काढून दाखवलेलं. असा एक कागद मिळाला तरी दहा भाषणांपेक्षा भारी, विद्यार्थ्याची रेघ आणि सरांची रेघ शेजारी शेजारी, शिकवणं अजून कसं दाखवणार?

तिसरी जागा रस्ता, आणि इथे खरंच घाई आहे. फ्लेक्स आल्यापासून हाताने रंगवलेल्या पाट्या भराभर गेल्या, ज्या आहेत त्या जुन्या किराणा दुकानांवर, पिठाच्या गिरणीवर, शाळेच्या कमानीवर, तालमीत, देवळातल्या देणगीदारांच्या यादीत. फोटो काढताना नुसता समोरून एक काढून पुढे जाऊ नका. संध्याकाळी उजेड कमी झाला की मोबाईलची टॉर्च पाटीच्या बाजूला आडवी धरा, रंगाचे थर आणि ब्रशचा प्रवास एकदम वर येतो. शिरोरेषा आधी मारली की अक्षरांनंतर ते रंगावर चढलेल्या रंगावरून कळतं, कधी कधी खडूची पूड लावलेला दोरा ताणून मारलेली आखणीची रेघ रंगाखाली अजून दिसते, आणि 'किराणा व भुसार मालाचे व्यापारी' लिहिताना शेवटचं 'व्यापारी' दाटीवाटीने बसवावं लागलं असेल तर तेही दिसतं. असे क्लोजअप काढा. पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात सही असते, ती तर काढाच. दुकानदाराला पाटी कधीची ते विचारा, तो दुकानाच्या उद्घाटनाचं साल बरोबर सांगतो.

कोणी म्हणेल पाट्या-पडद्यांत काय कला. मूकपट काढणारे बाबुराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव, हे दोघं कोल्हापुरात सिनेमात येण्याआधी नाटकांचे पडदेच रंगवायचे. अक्षरकार र. कृ. जोशी जाहिरातीच्या क्षेत्रातून आयआयटी पवईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइनच्या विभागात, शिकवायला गेले, आणि विंडोजवरचा देवनागरी मंगल फॉन्ट त्यांनी केलेला आहे, म्हणजे कितीतरी वर्षं कॉम्प्युटरवर आपण एका शिक्षकाची अक्षरं वाचत होतो आणि आपल्याला पत्ता नव्हता. तर पाटी वगैरे कमी समजू नका.

आता बोलणं. इंटरव्ह्यू म्हटलं की लोक 'सर, तुमची प्रेरणा कोण' पासून सुरू करतात, सर मग सत्काराच्या भाषणासारखं बोलायला लागतात, आणि एक तास वाया. त्यापेक्षा एक वस्तू हातात द्या आणि विचारा हे कसं केलंत. जुना पडदा असेल तर पावडर कलरमध्ये सरस (रंग धरून ठेवणारा गोंद) किती घालायचात, सरस जास्त झाला तर पडदा घडी घालताना तडकायचा का, छोट्या स्केचवरून एवढं मोठं कसं केलंत, कुठे बसून रंगवलंत, शाळेच्या हॉलमध्ये की गच्चीवर. पाटीचे पैसे फुटावर घ्यायचात की अक्षरावर? उधारी कुणाची राहिली? हात एकदा आठवायला लागला की बाकीचं आपोआप येतं, गुरूचं नावही येतं, प्रेरणाही येते. कोर्सचंही विचारा, डीटीसी, एटीडी, एएम, जीडी आर्ट या चित्रकलेच्या आणि कलाशिक्षकाच्या कोर्सांतलं काय आणि कुठल्या कला महाविद्यालयात केलं, मुंबईच्या जेजेला, पुण्याच्या अभिनवला की कोल्हापूरच्या दळवीजला, आणि घरचे तेव्हा काय म्हणाले होते. 'चित्रं काढून पोट भरतं का' हे प्रत्येकाने ऐकलेलं असतं, पण प्रत्येकाच्या घरी ते वेगळ्या शब्दांत म्हटलेलं असतं, ते शब्द पकडा.

आणि सरांना दुसरा कसला नाद होता ते सोडू नका. कोणी पेटी वाजवतो, कोणी गड फिरतो, कोणाकडे काडेपेट्यांच्या छापांचा संग्रह असतो, कोणी घरीच शाडूच्या मूर्ती करतो. चित्रात ते कुठे ना कुठे उतरलेलं असतंच.

काकूंना वेगळं बसवून विचारा, म्हणजे सर बाहेर गेल्यावर. सरांना सालं आठवत नाहीत, काकूंना 'थोरलीच्या बारशाच्या वर्षी तो पडदा केला, रंगाचे डाग अजून त्या सतरंजीवर आहेत' असं आठवतं, आणि त्यावरून साल काढता येतं. शिवाय रात्री जागून कोणी रंग घोटून दिले, कोणी पत्रिकांची पाकिटं भरली हेही तिथेच कळतं. बाईच चित्रकार असतील तर हेच काकांना विचारा, बघू काय आठवतंय ते.

रेकॉर्डिंग मोबाईलवर चालतं. एअरप्लेन मोड टाका, पंखा बंद करा (हो, घाम येईल), मोबाईल टेबलावर थेट न ठेवता रुमालावर ठेवा म्हणजे टेबलाचा ठोका येत नाही. तासाभराच्या वर एका बैठकीत ओढू नका.

चित्रांचे फोटो. काच असेल तर चित्र शक्यतो फ्रेममधून बाहेर काढा, पण चित्र काचेला चिकटलेलं असेल तर ओढू नका, तसंच राहू द्या. फ्लॅश बंद. खिडकीजवळ, थेट ऊन न येणाऱ्या जागी, कॅमेरा चित्राला अगदी समांतर, नाहीतर चौकोनाचा पतंग होतो. कडेला पांढरा कागद आणि एक पट्टी ठेवून एक जास्तीचा फोटो काढा, रंग नंतर जुळवता येतात आणि साईज कळते. मागच्या बाजूचाही फोटो काढा, मागे तारीख, किंमत, स्पर्धेचं लेबल, कधी हिशोबसुद्धा असतो. अक्षरलेखनाचं आणि रेषेचं काम मात्र स्कॅनच करा, ६०० डीपीआयवर (स्कॅनरमध्ये बारकाईचं हे सेटिंग असतं).

कागद हाताळताना काही गोष्टी सक्त पाळा. पोस्टर कलर आणि वॉटर कलरवर ओलं फडकं कधीच नाही, रंग निघून येतो, कोरड्या मऊ ब्रशने धूळ उडवायची. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका, तो पिवळा पडून कागदाचं वाटोळं करतो. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत निघत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलेला गठ्ठा पावसाळ्यात बुरशी धरतो, त्यापेक्षा ॲसिड-फ्री कागद मध्ये घालून आडवा, जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीपासून लांब. जुनी वर्तमानपत्रं मध्ये घालायची सवय असते लोकांना, ती बंद, त्यातलं ॲसिड चित्रात उतरतं. कसर लागलेला कागद दिसला तर तो आधी वेगळा काढा.

फाईलला नाव देताना साल, प्रकार, ठिकाण, एवढं पुरे: '१९८४-पाटी-बाजारपेठ-०१'. साल अंदाजे असेल तर 'अंदाजे' लिहा, ठोकून देऊ नका. एक साधी एक्सेल शीट करा, कुठली वस्तू सध्या कुणाच्या घरी आहे हा कॉलम त्यात हवाच, कारण दोन वर्षांनी हाच प्रश्न येतो.

परवानगीचं आत्ताच बघून घ्या. चित्र विकत घेतलं म्हणजे छापायचा हक्क आला असं नाही, तो साधारणपणे चित्रकाराकडेच राहतो, आणि भारतात तो चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे पुढे वारसांकडे जातो. पैसे देऊन मुद्दाम करून घेतलेल्या चित्राचं किंवा पोर्ट्रेटचं गणित वेगळं असू शकतं, तिथे करून घेणाऱ्यालाही विचारा. सर आहेत तोवर साध्या कागदावर लिहून घ्या, पुस्तिका, प्रदर्शन, इंटरनेट, कशाकशाला चालेल ते. सर आनंदाने देतात, मुलं-सुना नंतर देतीलच याची गॅरंटी नाही. आणि घरातली अडचणीची गोष्ट सर बोलण्याच्या ओघात सांगून गेले असतील तर ती छापायच्या आधी पुन्हा विचारा.

सगळ्याच्या तीन कॉपी, एक सरांच्या घरी पेनड्राइव्हवर, एक तुमच्याकडे हार्डडिस्कवर, एक ऑनलाइन. शाळेला नुसता पेनड्राइव्ह देऊन उपयोग नाही, तो कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये हरवतो. प्रिंट काढून बाइंडिंग केलेली प्रत द्या, गावच्या वाचनालयातही एक द्या आणि रजिस्टरला दाखल नंबर पडला का ते स्वतः बघून या. छापायला टाकण्याआधी पूर्ण मजकूर सर आणि काकू दोघांना समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवा, कोण कुणाचा भाऊ आणि कुठला पडदा कुठल्या नाटकाचा याच्या चुका तिथेच निघतात.