जुनी मर्सिडीज घेताय? या चुका टाळा

डब्ल्यू १२४, म्हणजे नव्वदच्या दशकातली मर्सिडीज ई-क्लास, घेतलेल्या नव्या मालकांचे मला सारखे फोन येत असतात आणि बहुतेक वेळा फोन येतो तो चूक करून झाल्यावरच. आधी विचारलं असतं तर दहा मिनिटांत काम झालं असतं. तीच चूक, तेच नुकसान, आणि त्यात जीव जातो एका चांगल्या गाडीचा, याचा मला खरंच त्रास होतो. म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय. लांबलंय, पण घाई करू नका, कारण निम्म्या चुका घाईतूनच होतात.

पुण्यात या गाडीवर लोकांचा जीव जरा जास्तच आहे आणि ते बरोबरच आहे. मर्सिडीजने भारतात कंपनी काढली १९९४ ला, आणि १९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) आवारात पेट्रोलवरची ई २२० जोडायला लागले, मग ई २५० डिझेल आली. चाकणचा कारखाना खूप नंतरचा, २००९ चा. म्हणजे ही आपल्या गावात जोडलेली गाडी आहे, ती इथल्या रस्त्यावर नीट चाललेली बघायला कुणाला आवडणार नाही?

कागद न बघता गाडी बघायला जाणं

जुन्या स्विफ्टच्या किमतीत मर्सिडीज दिसली की लोकांचं डोकं चालेनासं होतं. आधी आरसी बघा, वाहन पोर्टलवर ती ॲक्टिव्ह आहे का ते बघा, पत्रा नंतर. दिल्लीत जुन्या गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात दाखवतात, पण एनओसी निघत नसेल तर ती तुमच्या पार्किंगमधली शोभेची वस्तू होते. १५ वर्षांनंतर रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं, मग दर ५ वर्षांनी, त्यावर पर्यावरण कर असतो, हे सगळं भरलेलं आहे का ते विचारा. आणि "व्हिंटेजमध्ये पासिंग करून घेऊ" असं एजंट म्हणाला तर तिथूनच परत फिरा. व्हिंटेजचा नियम ५० वर्षांवरच्या गाड्यांना आहे, १९९५ ची गाडी त्यात बसायला २०४५ उजाडेल.

चालती गाडी पूर्ण खोलून ठेवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ओळखीतला एक मुलगा, आयटीतला, मनाने खूप चांगला. त्याने ई २२० घेतली. गाडी चालू होती, एसी गार होता, गिअर व्यवस्थित पडत होते. रंग उडालेला, सीट फाटलेल्या, बास. पण त्याने परदेशातले व्हिडिओ बघितलेले, बोल्ट न् बोल्ट वेगळा करून नवी कोरी गाडी उभी करतात ते. त्याने सहकारनगरला बंगल्याच्या पार्किंगमध्ये आठवडाभराची सुट्टी टाकून गाडी खोलायला घेतली. बंपर, दरवाज्याखालचे प्लॅस्टिकचे पॅनल, डॅशबोर्ड, सीट, कार्पेट सगळं बाहेर. सगळे स्क्रू-बोल्ट दोन गोण्यांत एकत्र. मी गेलो तेव्हा गोणीत हात घालून बघितलं, तर डॅशबोर्डचे बारीक स्क्रू, सीटचे मोठे बोल्ट, दरवाज्याच्या क्लिपा, सगळं एका जागी, एकावरही चिठ्ठी नाही. मी विचारलं, "अरे, हे परत कुठलं कुठे लावणार?" तर म्हणे, "दादा, फोटो काढलेत ना." फोटो होते, पण फोटोत बोल्टची लांबी दिसत नाही.

मग रिकामी बॉडी पेंटरकडे गेली. पेंटरने जुना रंग काढला, प्रायमर मारला आणि पुढच्या पैशांसाठी थांबला, इकडे याचे पैसे सीट कव्हर आणि अलॉय व्हीलमध्ये संपलेले. पावसाळा आला, बॉडी ताडपत्रीखाली प्रायमरवर उभी. आता प्रायमर पाणी अडवत नाही, तो पाणी धरतो, ओल खालच्या पत्र्यापर्यंत जाते. दिवाळीपर्यंत जिथे गंज नव्हताच तिथेही गंज आला. प्लॅस्टिक पॅनलच्या क्लिपा काढतानाच तुटलेल्या, दरवाज्याच्या आतला पाणी अडवणारा कागद पेंटरने फेकून दिलेला. ती गाडी परत उभी राहिली नाही. तिचे चारही दरवाजे आज दुसऱ्याच एका ई २२० वर आहेत.

चालत आलेली चांगली गाडी होती हो ती.

माझी पद्धत साधी आहे. शनिवारी जे खोलाल ते रविवारी रात्रीपर्यंत परत बसलं पाहिजे आणि सोमवारी गाडी चालली पाहिजे. जे एवढ्यात बसणार नाही ते पार्ट हातात आल्याशिवाय खोलायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट. आधी ब्रेक, मग स्टिअरिंग आणि सस्पेन्शन, मग कूलिंग, मग पेट्रोलचे पाईप, मग वायरिंग, मग एसी, त्यानंतर आतलं काम आणि रंग सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलट करतात कारण रंगाचे फोटो छान येतात. प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, वर मार्करने नाव, आणि एक शंभर पानी वही गाडीतच, त्यात तारीख, किलोमीटर, काय बदललं आणि पार्ट नंबर. गाडी चालती राहिली की तुमचा उत्साह राहतो आणि पुढचा बिघाड स्वतःहून कळतो. उभ्या गाडीत काहीच कळत नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकणं

"साहेब, काढून टाकू, आपल्याकडे काय बर्फ पडतो का?" हे वाक्य पुण्यातल्या निदान अर्ध्या गॅरेजात ऐकायला मिळेल. कृपा करून ऐकू नका.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातल्या पाण्याच्या वाटेवरची झडप. यातला साधारण ८७ डिग्रीला उघडायला लागतो आणि तो दोन कामं करतो. एकीकडे रेडिएटरचा रस्ता उघडतो आणि त्याच वेळी त्याची मागची चकती बायपासचा, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारा, रस्ता बंद करते. तो काढला की बायपास कायमचा उघडा, म्हणजे बरंचसं गरम पाणी रेडिएटरकडे न जाताच परत इंजिनात फिरतं. सरळ हायवेवर गाडी गार चालते, मालक खूश होतो, पण इंजिन गरमच होत नाही म्हणून इंजिनाचा कॉम्प्युटर जास्त पेट्रोल टाकत राहतो, ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात. आणि खरा लोड आला, घाट लागला, की तीच गाडी तापते.

एक गृहस्थ असेच लग्नाला साताऱ्याला निघाले होते. गाडी आधी स्वारगेटच्या ट्रॅफिकमध्ये तापायची म्हणून मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढला आणि पुढचा इलेक्ट्रिक फॅन बटणावर डायरेक्ट केला. शिरवळपर्यंत काटा खाली, सगळे आनंदात. खंबाटकीत चढाला लागले, मागे चार माणसं, एसी चालू, आणि काटा १२० कडे गेला. त्यांनी गाडी थांबवली ते ठीक, पण वाफ येत असताना फडकं धरून पाण्याच्या टाकीचं झाकण उघडलं आणि बाटलीतलं गार पाणी ओतलं. या इंजिनाचा ब्लॉक (खालचा भाग) बिडाचा आणि हेड (वरचा भाग) ॲल्युमिनियमचं, दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, त्यात असा झटका बसला की हेड वाकतं. वाकलंच. दुसऱ्या दिवशी ऑईल कॅपच्या आतून दुधाळ फेस, म्हणजे ऑईलमध्ये पाणी. हेड भोसरीला फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, गेलं, गॅसकेट सेट, लेबर, एवढा खर्च. आणि मूळ दुखणं काय निघालं? फॅनला इंजिनाशी जोडणारा क्लच धरत नव्हता आणि रेडिएटर आतून क्षाराने अर्धा बंद होता, कारण वर्षानुवर्षं सोसायटीच्या टँकरचं पाणी ओतलेलं.

गाडी तापत असेल तर क्रमाने बघा. रेडिएटर, फॅनचा क्लच, होजपाईप, टाकीचं झाकण, पाण्याचा पंप. थर्मोस्टॅट नवा टाका, ती फार महागडी गोष्ट नाही. कूलंट मर्सिडीजला चालणाराच घ्या, निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर, नळाचं किंवा बोअरचं पाणी नाही, आणि भरल्यावर हीटर पूर्ण चालू ठेवून हवा काढा. ट्रॅफिकमध्ये काटा ८० च्या वर, ९५-१०० ला गेला म्हणून घाबरून काहीतरी काढून टाकू नका, ते या गाडीला नॉर्मल आहे.

वायरिंग सडलेलं असताना कॉम्प्युटर बदलणं

हे ई २२० वाल्यांसाठी. साधारण १९९२ ते १९९५ च्या इंजिन हार्नेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वायरींच्या जुडग्यात, वायरीवरचं आवरण उष्णतेने सुकून गळून पडतं, जगभरच्या गाड्यांत हाच प्रकार आहे. मग आयडलिंग वरखाली, मिसिंग, मधेच बंद पडणं. मालक प्लग बदलतो, कॉइल बदलतो, एअर मास मीटर बदलतो, शेवटी कुणीतरी जुना कॉम्प्युटर आणून देतो आणि उघड्या वायरी एकमेकींना चिकटल्या की तोही जातो.

तपासायला पैसे लागत नाहीत. दिवसाउजेडी बोनेट उघडा, बिजागरीजवळचा खटका सोडला की या गाडीचं बोनेट सरळ ९० अंशात उभं राहतं, ते उभं करा. इंजेक्टरच्या सॉकेटजवळ काळी नळी थोडी मागे सारा आणि आतली वायर अगदी हलकी वाकवा. आवरण पापडासारखं तुटून आतलं तांबं दिसलं की बाकी सगळा तपास थांबवा, आधी हार्नेस. नवा घेतला तर उत्तमच, नाहीतर चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून जुने सॉकेट ठेवून नवा बांधून घ्या, पण उष्णता सहन करणाऱ्या वायरीतच. घरगुती फिटिंगची वायर टाकून दिलेले हार्नेस मी बघितलेत, आणि त्यावर चिकटपट्टी गुंडाळून "काम झालं" म्हणणारे लोकही. अशा माणसाकडे परत जाऊ नका.

आता बारीकसारीक पण रोजचं:

फ्यूज जुन्या पद्धतीचे आहेत, पट्टीवाले, पावसाळ्यात त्यांच्या टोकांना गंज धरतो. अर्धी इलेक्ट्रिक भुतं तिथेच असतात. पूर्ण सेट बदला, तांब्याच्या पट्टीचे घ्या.

ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी, डॉट ४. आपल्या पावसात ते हवेतलं पाणी ओढतं. ब्रेकचे रबरी होज जुने असतील तर तेही, विचार न करता.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे आणि या गाडीचे रबरी पाईप त्यासाठी बनलेले नाहीत. इथेनॉलला चालणारे पाईप टाका आणि टाकी महिनोन्‌महिने अर्धी भरून गाडी उभी ठेवू नका.

ऑटोमॅटिक असेल तर गिअर ऑईल बदलताना टॉर्क कन्व्हर्टरचाही वेगळा ड्रेन प्लग असतो, तो उघडला नाही तर बरंचसं जुनं ऑईल आतच राहतं. घाईतले मेकॅनिक तो सोडून देतात, समोर उभे राहा.

डिझेलवाल्यांनो, किल्ली बंद केली तरी इंजिन चालूच राहत असेल तर किल्लीचा स्विच बदलू नका, व्हॅक्यूमचे पाईप बघा. इंजिन व्हॅक्यूमने बंद होतं.

टायर १९५/६५ आर १५. वरची नक्षी भरपूर दिसते म्हणून जुने टायर ठेवू नका, बाजूच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं ते वाचा.

पार्ट घ्यायला नाना पेठेत किंवा मुंबईला कुर्ल्याला जाताना पार्ट नंबर लिहून न्या, "मर्सिडीजचा लोअर आर्म द्या" असं म्हणू नका. बॉल जॉइंट आणि बुशमध्ये मी स्वस्त माल वापरत नाही, लेमफोर्डर या जर्मन कंपनीच्या मालासाठी थांबावं लागलं तरी थांबतो. पट्टे, फिल्टर कुठल्याही चांगल्या कंपनीचे चालतात.

पाणी कुठून येतंय ते न बघता रंग काढणं

रंग शेवटी का म्हणालो, तर त्याआधी गंजाचं मूळ सापडायला हवं. जॅक लावायच्या जागा, बॅटरीखालचा पत्रा, पुढच्या फेंडरची खालची कड आणि प्लॅस्टिक पॅनलच्या मागचा भाग, जो बाहेरून दिसतच नाही आणि विकणारा कधीच दाखवत नाही. तिथे पुट्टी भरून वरून रंग मारला तर दोन पावसाळ्यांत फुगवटे येतात. गंजलेला पत्रा कापा, नवा वेल्ड करा, आतून वॅक्स मारा, मगच पेंटरचं नाव काढा. पेंटर तुम्हाला हे सांगणार नाही, त्याचं काम रंगाचं आहे.

आणि झाडाखाली गाडी लावत असाल, जे पुण्यात कोथरूड-एरंडवण्यात सगळेच लावतात, तर काचेच्या खालच्या जाळीत गुलमोहराची बारीक पानं जाऊन पाण्याची भोकं बुजतात. मग पाणी ब्लोअरमध्ये आणि तिथून कार्पेटखाली. एसीमधून कुबट वास येतो तो बहुतेक वेळा याचाच, गॅस भरून तो जात नाही. मेमध्ये जाळी काढून हाताने पानं काढा, पाणी ओतून ते खालून बाहेर येतंय का ते बघा. तेव्हाच वायपरही बघून घ्या. या गाडीला एकच वायपर आहे, तो फिरता फिरता आत-बाहेर होत काचेचा ८६ टक्के भाग पुसतो, ते काम करणारा गिअर वरच्या टोपीखाली असतो आणि त्यातलं ग्रीस इतक्या वर्षांत दगड झालेलं असतं. टोपी उघडा, जुनं ग्रीस काढून नवं भरा. नाहीतर जुलैत एखाद्या संध्याकाळी कात्रजच्या घाटात तो अर्ध्यावर अडकतो, मोटर जळते, आणि दुसरा वायपर नसल्यामुळे समोरचं काहीच दिसत नाही.